काचेच्या कपाटातला दसरा

जळोचीच्या बंगल्यात इंद्रजितचं एक काचेचं कपाट होतं. त्यात शर्यतीच्या गाड्यांची तळहाताएवढी, हुबेहूब मॉडेल्स मांडलेली. त्यांना कुणी म्हणजे कुणी हात लावायचा नाही, बायकोनंसुद्धा. धूळही तोच मऊ ब्रशनं झटकायचा.

दसऱ्याला त्याच्या बायकोनं, उत्कर्षानं, अंगणात मोटारीची आणि स्कूटरची पूजा केली. कळस गावाहून आलेली त्याची आई, विमलबाई, तेवढा वेळ आतच बसून राहिली. इंद्रजितचे वडील, आबा, गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच दसरा.

पूजा आटोपून इंद्रजित घरात आला आणि जागीच थबकला. कपाट उघडं होतं. प्रत्येक गाडीच्या नाकावर हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं आणि वर झेंडूची एकेक पाकळी.

"आई! हे काय करून ठेवलंस?"

"आरं, सणाच्या दिशी एवढ्या गाड्या बिनपूजेच्या कशा ठेवायच्या? रंग खराब झाला व्हय? थांब, पुसून देती."

"रंगाचं काही नाही गं, पुसलं की निघंल. पण तुला कळायला नको? आबा गेलेत आता. तुझ्या हातानं कुंकू लावतात का?"

गाडी पुसायला पदर धरलेला विमलबाईचा हात तसाच राहिला.

इंद्रजितनं अंगणाकडं तोंड करून हाक मारली, "उत्कर्षा, आत ये. ह्या सगळ्या पुसून घे आणि तू परत पूजा कर. लागू दे हात, काही होत नाही."