वैनी

सासू, दीर, जाऊ, पै-पाहुणा सगळं एका विमानाच्या तिकिटात सुटणार, या हिशेबानं शिराळ्याची क्रांती नवऱ्यामागं डब्लिनला गेली. घर एका खोलीचं, पण दोघांचंच. व्यवहार फायद्याचा होता.

नवऱ्यानं, धैर्यशीलनं, दार उघडलं आणि आंबूस वास तिच्या नाकात शिरला. सिंकमध्ये बुरशी धरलेल्या भांड्यांचा ढीग, बेसिनला दाढीचे केस चिकटलेले, संडासाकडं तर बघवेना. सोफ्यावरून बनियनमधला एक जण पोट खाजवत उठला.

"ह्यो धनाजी, आटपाडीचा. आपल्यातच ऱ्हातोय," धैर्यशील म्हणाला. "सख्खा दीरच समज की."

"या वैनी!" धनाजी म्हणाला. "तुमची लय वाट बघितली."

परमुलखात कुणीतरी वैनी म्हटलं, तिला जरा बरं वाटलं. "व्हय? कवापास्नं?"

"व्हिसा आला तवापास्नं! भांड्याला हातच लावला न्हाई आमी दोघांनी."

दोघंही खदाखदा हसले. क्रांतीनं हातातला चुडा वर सारला.

खोलीचं भाडं दोघं निम्मं-निम्मं भरत होते. ‘वैनी’ या शब्दाचं मोल तिनं एकटीनं, त्याच दुपारी, संडास घासून चुकतं केलं.