शेजारची सीट

हेंद्रेपाड्यातली विनिता आपल्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं ऑइल, प्लग, ब्रेक पॅड सगळं स्वतः बदलायची. आठवडाभर शेजारच्या रिकाम्या सीटसाठी बेल्ट लावायची बीप वाजत होती. तिने सेन्सर काढला, वायर कापली; तरी बीप थांबेना.

“ताई, विकून टाका ही गाडी,” शेवटी तिने बोलावलेला उल्हासनगरचा मेकॅनिक भूपेश गॅरेजच्या दारातूनच म्हणाला.

“गाडी माझी आहे. मी का विकू?”

भर दुपारी तिने बोल्ट खोलून ती सीटच बाहेर काढली आणि गाडी सुरू केली. बीप वाजलीच.

“बसायचंच असेल तर गुमान बेल्ट लाव!” ती ओरडली.

बीप थांबली. शेजारचा बेल्ट सावकाश बाहेर आला आणि रिकाम्या जागेत, छातीच्या उंचीवर, ताणलेला राहिला.

विनिताने पहिला गिअर टाकला.