हिरवं चांदणं

अंधाऱ्या खोलीत केतकीनं मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर स्लाइडवर हिरवं चांदणं सांडलेलं. तिनं लॅबमध्ये तयार केलेली अँटिबॉडी पेशीत निरोप पोचवणाऱ्या एका प्रोटीनला हुडकून चिकटायची आणि चमकायची. निरोगी रक्तात चार-दोन चांदण्या, आजारी रक्तात आभाळभर. ती हरखून बघतच राहिली.

मग तिनं स्लाइडवरचं लेबल वाचलं: निरोगी.

अदलाबदल झाली असणार, म्हणून तिनं सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तेच चांदणं.

निरोगी रक्त नेहमीच लॅबमधल्या शेवंतामावशींचं असायचं. बाटल्या धुता धुता त्या हसत हात पुढे करायच्या.

दार किलकिलं झालं. ओली बाही वर सारत मावशी म्हणाल्या, "रक्त संपलं का गं? घे की लागेल तेवढं. मला काय धाड भरलीये!"