खिडकीबाहेरचा आरसा

ब्रुज शहरातल्या आमच्या जुन्या घरांना खिडकीबाहेर एक छोटा तिरपा आरसा असतो. खुर्चीत बसल्या बसल्या दारात कोण आलंय ते दिसतं, त्याला मात्र आपण दिसत नाही. हा आरसा माझ्या सासूने लावलेला. चाळीस वर्षांत नवरा खोटं बोलला असेल, आरसा कधीच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी हासेल्टहून वाउट आणि योरिंडे हे जोडपं दोन दिवसांसाठी माझ्या वरच्या खोलीत राहायला आलं. आरशात तिघं दिसली. मागे राखाडी कोटातली एक बाई होती, मान खाली घातलेली. दार उघडलं, तर दोघंच.

शनिवारी दुपारी दोघं कालव्यावरून फिरून परतली. आरशात आता ती बाई योरिंडेच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. मी तडक दार उघडलं. पुन्हा दोघंच.

"खोली दोघांची घेतलीत. आरशात दिसते ती तिसरी कोण?"

"काकू, भरदुपारी बिअर चढली का?" वाउट हसला. योरिंडे मागे वळूनही न बघता आत शिरली.

रविवारी निघताना योरिंडेने माझा हात घट्ट धरला.

"माफ करा हं, काकू."

कशाबद्दल, ते विचारेपर्यंत ती पायऱ्या उतरली होती.

मी लगबगीने खुर्चीत येऊन बसले. आरशात वळणापर्यंत दोघंच दिसली. योरिंडे तर जवळजवळ पळत होती. बाई कुठेच नव्हती. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात वरच्या खोलीतली फळी करकरली.

मी आरशाकडेच बघत राहिले. त्यात फक्त रस्ता दिसतो. घरातलं काही दिसत नाही.