हूं की चूं

"काळीज चिरलं, पर माज्या सुनंनं हूं की चूं केलं न्हाई!" काष्टी गावात जो तो भागिरथीला बघायला येई, आणि तिची सासू गोजरबाई प्रत्येकाला हेच ऐकवी.

ऑपरेशननंतर पुण्याहून निघताना डॉक्टरांनी दोघींनाही बजावलं होतं, "हृदयाची झडप उघडली आहे. पण आत रक्ताची गुठळी असेल, तर ती सुटून हृदयाच्याच रक्तवाहिनीत अडकू शकते. छातीत कळ आली, घाम फुटला, की लगेच सांगायचं."

आज दुष्काळी कामावरून सुटलेल्या बाया आल्या. गोजरबाईला चेव चढला. "न्हाईतर तुमच्या सुना! काटा मोडला तरी गाव गोळा करत्यात."

बाया हसल्या. भागिरथीही हसली, आणि हसता हसता तिनं पदराचं टोक दातांत धरलं.

"बघा, कौतुक केलं की लाजती!"

चहा झाला, कुंकू लावून झालं. बायांना वाटेला लावून गोजरबाई आत आली. भागिरथी भिंतीला टेकून तशीच बसली होती. अंग घामानं थबथबलेलं, गार. दातांतला पदर सुटता सुटेना. चावून चावून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

"भागे," गोजरबाई तिला गदागदा हलवत राहिली, "वरड की गं. येकदा तरी वरड!"