धाकट्याच्या गाडीला

रेसिंग ब्रेक पॅडचं खोकं हातात घेऊन गिऱ्हाईक घुटमळू लागलं, की दुकानदाराचं वाक्य ठरलेलं असायचं. "साहेब, माझ्या धाकट्या भावाच्या गाडीला हेच लावलेत. आणखी काय सांगू?"

मग कुणी फार खोलात शिरत नसे. पाठच्या भावाचं नाव घेऊन कोण खोटं बोलेल!

खोकं तेवढं अस्सल होतं, आतला माल नकली. धाकट्याच्या गाडीला मात्र त्याने कंपनीचे पॅड मागवून स्वतःच्या हातांनी बसवून दिले होते.

आणि तरीही उतारावर धाकट्याचे ब्रेक लागलेच नाहीत.

सगळं आटोपल्यावर गॅरेजवाल्याने चेपलेल्या गाडीचं चाक उतरवलं. आतून पॅडचा नुसता चुरा निघाला. दुकानदाराने तो बघताक्षणी ओळखला. माल त्याच्याच फळीवरचा होता.

"हे कुणी बसवले?" तो भावजयीवर ओरडलाच. "मी त्याला चांगले दिले होते!"

"तुम्ही जेवायला गेला होतात, तेव्हा यांनीच दुकानातून नेले," ती म्हणाली. "पंक्चर झालं म्हणून चाक काढलं, तेव्हा यांना दिसलं, आपल्या गाडीला वेगळेच पॅड आहेत. त्याच दिवशी बदलून घेतले. म्हणाले, दादा रोज माझं नाव सांगून माल विकतो. माझ्यामुळे त्याचा शब्द खोटा पडायला नको."