ठसा

सिलिकॉनच्या चकतीवर पॉलिमरचा पातळ थर दिला की त्यातल्या रेणूंच्या साखळ्या आपोआप रेषा धरतात, पण त्या सरळ राहतील तर शपथ. मायक्रोस्कोपखाली हुबेहूब अंगठ्याचा ठसा दिसतो, म्हणून आमच्या लॅबमध्ये त्याला ठसाच म्हणतात. ठसा दिसला की नमुना कचऱ्यात आणि माझा दिवस पाण्यात.

नऊ वर्षं टेम्पररी राहून मी त्या रेषांना शिस्त लावत होते. हातमोजे घालून बारीक चिमटा नीट धरता येत नाही, म्हणून चकत्या उघड्या हातांनीच द्रावणात धुवायचे. आधी बोटांची सालं गेली, मग बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली. नवरा म्हणायचा, "आता चोरी करायला हरकत नाही."

सोमवारी अखेर सगळ्या रेषा वहीतल्यासारख्या सरळ आल्या. सर पडद्याला नाक लावून बघत राहिले. "एकही ठसा नाही! जिंकलीस गं. आता तुला कायम करायला कोण नाही म्हणतंय बघू."

त्यांचं पत्र घेऊन मी धावतच ऑफिसात गेले. क्लार्कने कागद पाहिले आणि बोटांचे ठसे घेणारं मशीन पुढे सरकवलं. अंगठे झाले, दहाही बोटं पुसून पुन्हा लावून झाली. लाल दिवा काही विझेना.



"एकही ठसा नाही," क्लार्क म्हणाला. "मॅडम, तुम्ही इथे नऊ वर्षं कामाला होतात, याचा काही पुरावा?"